‘ह’ने सुरू होणाऱ्या वैद्यकीय संज्ञा : हायपर, हायपो आणि त्यांचे सगेसोयरे

धागाकर्ती

नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २७ वर्षे तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतली मंडळी तपासणीचे कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागली आणि त्यांना समजावून सांगता सांगता वैद्यकीय शब्दांची एक वही तयार झाली. वहीत शब्द अक्षरवार लावले आहेत. सर्वांत जास्त पाने ‘ह’ने खाल्ली आहेत आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात ज्या प्रसंगामुळे झाली तो आधी सांगते. शेजारच्या काकांना मधुमेह आहे. मागच्या श्रावणात एका रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या सूनबाई धावत आल्या. काकांना दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध झाले होते. मी ग्लुकोमीटर घेऊन गेले, तेव्हा साखरपाण्याने भरलेला पेला टेबलावर तसाच होता. काकूंनी तो भरला होता आणि सूनबाईंनी बाजूला ठेवायला लावला होता. दवाखान्यातून घरी सोडताना ‘घाम आणि थरथर दिसली की हायपो समजा’ एवढेच त्यांना सांगितले गेले होते. हायपो म्हणजे ‘हाय’, म्हणजे साखर जास्त झाली, अशी त्यांची समजूत होती आणि अशी समजूत असताना साखरपाणी कोण पाजेल? मीटरवर आकडा आला ४८, म्हणजे साखर फारच कमी. काका शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचले तेव्हा आकडा ८४ झाला होता.

सूनबाई शिकलेल्या आहेत, सासऱ्यांची मनापासून काळजी घेतात. त्यांना दोष देता येणार नाही. ‘हाय’ हा इंग्रजी शब्द मराठीत ‘जास्त’ या अर्थाने पक्का रुजला आहे. आपण ‘हाय बीपी’ म्हणतो, ‘शुगर हाय आली’ म्हणतो. आता देवनागरीत ‘हायपो’ लिहून पाहा. ज्या शब्दाचा अर्थ ‘कमी’ आहे, त्याच्या आरंभीच ‘हाय’ येऊन बसतो. इंग्रजी लिपीत या दोन ‘हाय’ची अक्षरे वेगळी असल्यामुळे डोळ्यांना फरक दिसतो, आपल्या लिपीत आणि कानाला मात्र दोन्ही एकच. म्हणून हा धोका इंग्रजीत वाचणाऱ्यापेक्षा मराठीत ऐकणाऱ्याला अधिक आहे आणि त्यावरचा उपायही आपल्यालाच मराठीत शोधावा लागेल.

माझ्या वहीत मी उपाय असा लिहिला आहे : ‘हाय’ सोडून द्या, पुढचे अक्षर ऐका. हायपर म्हणजे वर. ‘पर’ ऐकले की ‘वर’ आठवायचे. ‘पो’ ऐकले की खाली. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर वर गेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे खाली आली. हायपरथर्मिया म्हणजे अंगाची उष्णता वर, हायपोथर्मिया म्हणजे अंग गार पडणे.

आता बाकीचे शब्द. ‘ह’च्या पानावर रक्ताचे एक मोठे घराणे आहे. ग्रीक भाषेत रक्ताला ‘हाइमा’ म्हणतात. त्यावरून हिमोग्लोबिन, हिमोफिलिया, हिमोडायलिसिस, हेमॅटॉलॉजी, हेमॅटुरिया हे शब्द आले. मराठीत कोणी ‘हिमो’ लिहितो, कोणी ‘हीमो’, कोणी ‘हेमो’, त्यामुळे हे शब्द एकाच घरातले आहेत हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ‘हिमो’ लिहिल्यामुळे हिमाशी, म्हणजे बर्फाशी, काही संबंध आहे का, असे मला एका नववीतल्या मुलीने विचारले होते. प्रश्न चांगला होता, कारण तिने शब्द फोडून पाहिला होता. फेलिक्स होप्पे-झायलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये रक्तातल्या तांबड्या द्रव्याला हिमोग्लोबिन हे नाव दिले, हे तिला सांगितले आणि ‘हिमो’च्या जागी ‘रक्त’ ठेवून बाकीचे शब्द तिलाच वाचायला लावले. हेमॅटुरिया म्हणजे लघवीतून रक्त, हे तिने स्वतःच काढले.

दुसरे घराणे यकृताचे आहे. ‘हेपार’ म्हणजे ग्रीकमध्ये यकृत. हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. आपल्याकडे त्याला सरसकट ‘कावीळ’ म्हणतात. माझ्या मते इथे थोडे थांबायला हवे, कारण कावीळ हे लक्षण आहे : डोळे आणि त्वचा पिवळी होणे. पित्तनलिकेत खडा अडकला तरी कावीळ होते आणि तिथे विषाणूचा संबंध नसतो. उलट हेपॅटायटिस बी किंवा सी शरीरात वर्षानुवर्षे राहूनही अनेकांचे डोळे कधी पिवळे होत नाहीत. ‘मला कावीळ कधी झालीच नाही, मग यकृत खराब कसे झाले?’ हा प्रश्न मी टेबलाच्या या बाजूला बसून अनेकदा ऐकला आहे. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषधही याच घराण्यातले. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ‘जे मॅक्लीन’ नावाच्या विद्यार्थ्याला काम करता करता ते सापडले आणि पुढे कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या द्रव्यामुळे त्याला हे नाव मिळाले. आज ते बहुतांशी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनते, तरी नावात यकृत राहून गेले आहे.

हॉर्मोन हा शब्द मात्र वयाने लहान आहे. इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी तो १९०५ मध्ये व्याख्यानात वापरला. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चेतवणे, प्रवृत्त करणे. मराठीत त्याला ‘संप्रेरक’ म्हणतात आणि हा प्रतिशब्द मला फार आवडतो, कारण त्यात मूळ अर्थ जसाच्या तसा उतरला आहे.

आणि आपले स्वतःचे ‘ह’ही विसरू नयेत. हिवताप हा शब्द पाहा. हीव भरून ताप येतो, हे रोगाचे लक्षण नावातच आहे. मलेरिया या इटालियन शब्दाचा अर्थ ‘वाईट हवा’ असा आहे आणि ती समजूत रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी पाहिल्यानंतर टिकली नाही. आपल्या सरकारी दप्तरात आजही ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ असतो, याचा मला अभिमान वाटतो. हत्तीरोग हाही तसाच सरळ शब्द. त्यासाठी मी ऐन रात्री दहा वाजता वस्तीवर जाऊन रक्ताचे नमुने घेतले आहेत, कारण हा रोग करणाऱ्या कृमींची पिल्ले दिवसा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळी, अंगभर वाहणाऱ्या रक्तात उतरतात. कंदिलाच्या उजेडात काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरताना लोक विचारायचे, ‘बाई, दिवसा का नाही येत?’

आपापल्या अनुभवातले ‘ह’चे शब्द, विशेषतः ज्यांनी कोणाची गल्लत झाली असे, कृपया इथे लिहावेत.

प्रतिसाद १ : औषधनिर्माता, सातारा

ताई, धागा अत्यंत गरजेचा आहे. दुकानाच्या काउंटरवरचा ‘ह’ मी सांगतो.

हायड्रॅलाझीन रक्तदाब कमी करते. हायड्रॉक्सिझीन अंगाच्या खाजेसाठी देतात आणि त्याने झोप येते. हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवी वाढवून रक्तदाब उतरवते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मुळात हिवतापावरचे औषध असून आता संधिवातासाठी अधिक दिले जाते. हायड्रॉक्सीयुरिया सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना देतात. पाचही नावे ‘हायड्रॉ’, ‘हायड्रो’ किंवा ‘हायड्रॅ’ने सुरू होतात, कपाटात वर्णानुक्रमाने शेजारी शेजारी बसतात आणि घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर पहिली चार-पाच अक्षरे सोडली तर पुढे नुसती रेघ असते. मी नवीन मुलांना दुकानात घेतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात ही पाच नावे त्यांच्याकडून पाठ करून घेतो आणि ‘हायड्रो’ वाचल्याबरोबर हात कपाटाकडे न्यायचा नाही, आधी रुग्णाला ‘कशासाठी दिले आहे’ हे विचारायचे, अशी ताकीद देतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये अशा सारख्या दिसणाऱ्या नावांसाठी एक पद्धत पुढे आणली. नावातला वेगळा भाग मोठ्या लिपीत छापायचा, म्हणजे डोळा तिथे अडखळतो. हायड्रॅलाझीन आणि हायड्रॉक्सिझीन ही जोडी त्या यादीत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, त्यामुळे मराठीत नाव लिहिताना ही सोय आपल्याला मिळत नाही. मी त्याऐवजी पाकिटावर पेनाने कारण लिहितो : ‘खाजेसाठी, रात्री’ किंवा ‘रक्तदाबासाठी, सकाळी’. दोन शब्द लिहायला पाच सेकंद लागतात. एकदा एका आजींनी पाकीट परत आणून दिले, ‘मला खाज नाही, मला बीपी आहे’ म्हणाल्या. गोळी चुकीची गेली होती. पाकिटावर लिहिलेल्या त्या एका शब्दामुळे चूक त्यांच्या पोटात जाण्याआधी पकडली गेली. चूक माझ्या दुकानातली होती आणि त्या दिवसापासून मी पाकिटावर कारण लिहिल्याशिवाय औषध हातात देत नाही.

प्रतिसाद २ : भाषेचा अभ्यासक, पुणे

धागाकर्तींनी ‘हायपर म्हणजे वर’ असे लिहिले आहे ते लक्षात ठेवण्यासाठी केलेले यमक असावे. पण ते यमकापेक्षा बरेच खोल आहे. ग्रीक ‘हुपेर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत आणि मराठीतला ‘वर’ हा ‘उपरि’पासूनच प्राकृतातून झिजत आला आहे. म्हणजे हायपर आणि वर हे खरोखरचे चुलत भाऊ आहेत. तसाच ‘हुपो’ आणि संस्कृत ‘उप’ यांचा संबंध आहे. ‘उप’ म्हणजे जवळ, खालच्या पायरीवरचा : उपनगर, उपाध्यक्ष. अध्यक्ष वर, उपाध्यक्ष त्याच्या खाली. ‘हायपो’ लक्षात ठेवायला ‘उप’चा आधार घेता येईल.

मग या शब्दांना ‘ह’ आला कुठून? ग्रीकमध्ये आरंभीचा उकार नेहमी हकाराच्या श्वासासह उच्चारला जाई. बऱ्याच शब्दांत तर आपल्या ‘स’च्या जागी त्यांचा ‘ह’ येतो. संस्कृत ‘सप्त’ तर ग्रीक ‘हेप्ता’. ‘सम’ तर ‘होमो’. ‘स्वप्न’ म्हणजे मुळात झोप, तिकडे ‘हुप्नोस’, ज्यावरून हिप्नॉसिस आणि झोपेच्या औषधांना दिलेले हिप्नॉटिक हे नाव आले. ‘स्वेद’ म्हणजे घाम, तिकडे ‘हिद्रोस’. संस्कृतात अर्ध्याला ‘सामि’ असाही शब्द आहे, त्याचा भाऊ ‘हेमि’, म्हणून अर्धांगवायूला हेमिप्लेजिया म्हणतात. यकृताचे उदाहरण सर्वांत सुंदर आहे. ‘यकृत्’ आणि ‘हेपार’ दिसायला परस्परांपासून फार दूर वाटतात, तरी दोन्ही एकाच मुळातून आले आहेत.

आणखी एक गोष्ट. ग्रीक लिपीत हा ‘ह’ स्वतंत्र अक्षर म्हणून लिहीत नसत. स्वराच्या डोक्यावर एक लहानसा आकडा देत. शब्दाच्या मध्ये आला की तो सहसा गळून पडे. म्हणूनच ‘अन्’ अधिक ‘हाइमा’ यांचा संधी होऊन अ‍ॅनिमिया झाला, त्यात ‘ह’ उरला नाही. ल्युकेमिया म्हणजे ‘पांढरे रक्त’ हा शब्द रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी १८४७ मध्ये रूढ केला. तिथेही रक्त आहे, पण ‘ह’ नाही. ग्लायसेमियातला ‘एमिया’ तोच. म्हणजे ताईंच्या वहीत रक्ताच्या घराण्याची अर्धी माणसे ‘ह’च्या पानावर आणि अर्धी इतरत्र विखुरलेली सापडतील.

हर्निया मात्र ग्रीक नाही. तो लॅटिन शब्द आहे. मराठीतला त्याचा ‘अंतर्गळ’ हा शब्द आतले गळून खाली येणे इतके स्वच्छ दाखवतो की तो मागे पडू देऊ नये असे मला मनापासून वाटते.

धागाकर्ती

‘वर’बद्दल वाचून फार आनंद झाला. यमक जुळले म्हणून मी ते लिहिले होते. नाते खरे आहे हे आज कळले. वहीत ते लगेच नोंदवले.

‘हिद्रोस’ म्हणजे घाम, हे वाचून माझी एक जुनी अडचणही सुटली. फार घाम येण्याच्या विकाराला मराठीत ‘हायपरहायड्रोसिस’ लिहितात आणि मेंदूत पाणी साठण्याला ‘हायड्रोसेफॅलस’. दोन्हीकडे ‘हायड्रो’च दिसतो. पहिला घामाचा आणि दुसरा पाण्याचा, असे हे वेगळे शब्द देवनागरीत आल्यावर एकरूप झाले आहेत. हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठणे, यातला पाण्याचाच.

असेच ‘हिस्ट’चे. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला हिस्टेरेक्टॉमी म्हणतात, कारण ‘हुस्तेरा’ म्हणजे गर्भाशय. काढलेला भाग तपासायला येतो तो हिस्टोपॅथॉलॉजी विभागात. तिथला ‘हिस्तोस’ म्हणजे माग, विणलेले कापड. आमच्याकडे नातेवाईक विचारायचे, ‘हिस्टोचा रिपोर्ट म्हणजे पिशवीचाच ना?’ आणि पुढच्या खेपेला गळ्यातल्या गाठीचा तुकडा त्याच विभागात पाठवला की घाबरून जायचे. हिस्टॉलॉजीला, म्हणजे शरीरातल्या पेशीसमूहांच्या अभ्यासाला, मराठीत ऊतिशास्त्र म्हणतात आणि संस्कृतातही ‘ऊति’ म्हणजे विणणेच. ज्यांनी कोणी हा प्रतिशब्द योजला त्यांना मूळ शब्दातला माग दिसला असणार.

प्रतिसाद ३ : डॉक्टर, मराठवाड्यातील एक तालुका

वरील चर्चेत शब्दांचे मूळ उत्तम आले आहे. बाह्यरुग्ण विभागात बसून जे ऐकतो ते मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते ‘ह’ने सर्वांत मोठे नुकसान केले आहे ते हायपरटेन्शन या शब्दाने.

‘टेन्शन’ हा शब्द मराठीत चिंता, काळजी या अर्थाने घरोघरी पोहोचला आहे. वैद्यकीय शब्दातल्या टेन्शनचा अर्थ दाब किंवा ताण असा आहे, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडणारा. पण रुग्ण ‘हायपरटेन्शन’ ऐकतो आणि ‘फार काळजी करण्याचा आजार’ असा अर्थ घेतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मावशींनी चार महिने गोळी बंद ठेवली होती. का, असे विचारले तेव्हा शांतपणे म्हणाल्या, ‘लेकीचं लग्न पार पडलं डॉक्टर, आता कसलं टेन्शन?’ त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १९० वर ११० होता. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती, कसलेही लक्षण नव्हते. आणि हाच या आजाराचा खरा धोका आहे. तेव्हापासून मी हायपरटेन्शन हा शब्द रुग्णासमोर उच्चारत नाही. ‘उच्च रक्तदाब’ म्हणतो आणि मनात काही काळजी असो वा नसो, नळीतला दाब वाढलेला आहे, हे शेतातल्या पाइपच्या उदाहरणाने सांगतो. ज्याच्या मोटारीच्या जोराने पाइप फुटला आहे त्याला हे एका वाक्यात समजते.

दुसरी जोडी हिमोप्टिसिस आणि हेमॅटेमेसिस यांची. पहिल्यात रक्त खोकल्यातून, म्हणजे फुप्फुसातून किंवा श्वासमार्गातून येते. दुसऱ्यात ते उलटीतून, म्हणजे अन्ननलिकेतून किंवा जठरातून येते. आमच्या भागात दोन्हीला ‘रक्ताची उलटी झाली’ असेच म्हणतात. एक रस्ता क्षयरोगाच्या तपासणीकडे जातो आणि दुसरा जठरातल्या व्रणाकडे किंवा यकृताच्या आजाराकडे, त्यामुळे इथे मराठी बोलण्यातली ढिलाई आपल्याला महागात पडते. मी विचारतो : आधी खोकल्याची उबळ आली की मळमळ? रक्त लालभडक आणि फेसाळ होते की कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट? एवढ्यावरून बहुधा दिशा कळते. बरोबर आलेल्या माणसाने ते नीट पाहिलेले असले तर निदानाला फार मदत होते.

‘पिशवी’ या शब्दाबद्दल ताईंनी ओझरते लिहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती मोठे आहे हे २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आले, त्यासाठी शासनाने समितीही नेमली. कारणे पुष्कळ आहेत : उचल, खाडा झाला की कापला जाणारा पैसा, फडावर न्हाणीघर नसणे. मी त्यांत शब्दाचीही भर घालेन. ‘पिशवी काढून टाका’ हे वाक्य ऐकणाऱ्या बाईला आपण शरीरातला एक अवयव कायमचा गमावत आहोत, हे त्यात ऐकू येत नाही. पिशवी रिकामी झाली की टाकून द्यायची वस्तू असते. मी ‘गर्भाशय’ म्हणतो आणि बीजकोशही काढले तर चाळिशीच्या आत संप्रेरके थांबून हाडांचे काय होईल, हेही सांगतो. ऐकून काही जणी घरी परत जातात, विचार करून येतात. त्यांना तो वेळ मिळायला हवा.

प्रतिसाद ४ : आयसीयूमधील परिचारिका, मुंबई

मी एकच भर घालते. हायपोकॅलेमिया म्हणजे रक्तातले पोटॅशियम कमी, हायपोकॅल्सेमिया म्हणजे कॅल्शियम कमी. मराठीत लिहिताना फरक फक्त ‘ल’ आणि ‘ल्स’ एवढाच राहतो. बोलताना तर तोही ऐकू येत नाही. पाळी बदलताना आम्ही म्हणूनच हे शब्द तोंडी वापरत नाही. ‘पोटॅशियम दोन पॉइंट आठ’ असा धातू आणि आकडा सांगतो आणि पुढची परिचारिका तो परत म्हणून दाखवते. पोटॅशियम वर गेले काय किंवा खाली आले काय, दोन्ही वेळा हृदयाचा ठेका बिघडतो, आणि दोहोंचे उपचार मात्र परस्परविरुद्ध असतात.

प्रतिसाद ५ : मधुमेही वाचक, कोल्हापूर

सर्वांचे म्हणणे आदराने वाचले, तरीही एक वेगळे मत नोंदवतो. रुग्णाच्या हातातली फाइल इंग्रजीत असते, विमा कंपनीचे कागद इंग्रजीत असतात, दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेल्यावरही इंग्रजीच शब्द विचारले जातात. उच्च रक्तदाब हा शब्द ठीक आहे, पण थायरॉइडसाठी ‘अवटु ग्रंथी’ किंवा हिस्टोपॅथॉलॉजीसाठी ‘ऊतिविकृतिशास्त्र’ शिकून मी करायचे काय? मी स्वतः १५ वर्षे मधुमेहाबरोबर राहतो आहे. मला हायपो हाच शब्द नीट समजावून दिला असता, तर पहिल्या वर्षी झालेला त्रास टळला असता. मराठी प्रतिशब्द देऊन मूळ शब्द माझ्यापासून लपवू नका, अशी माझी विनंती आहे.

धागाकर्ती

तुमचे म्हणणे मला पटते आणि माझी वही त्याच मार्गाने गेली आहे. मूळ शब्द ठेवायचा आणि शेजारी साध्या मराठीत तो काय सांगतो ते लिहायचे. प्रतिशब्द जिथे स्वच्छ आहे तिथे तो घ्यावा : संप्रेरक, अंतर्गळ, हिवताप, रक्तपेढी. जिथे प्रतिशब्दच आणखी समजावून सांगावा लागतो, तिथे एक वाक्य पुरते. ‘हायपो : साखर खाली आली. घाम, थरथर, बोलणे अडखळणे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, लगेच रुग्णालय.’ हा मजकूर मी काकांच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे.

प्रतिसाद ६ : आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

ताई, मी पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. आमच्याकडे हिमोग्लोबिन हा शब्द पाड्यापाड्यावर माहीत आहे, पण ‘एचबी’ म्हणून. सिकलसेलमुळे ‘एएस’ आणि ‘एसएस’ हेही लोक बोलतात. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण, हे आम्ही लग्न ठरण्याच्या आधी सांगतो. तरी ‘एएस आहे म्हणजे अर्धा आजार आहे’ असे समजून मुलींची लग्ने मोडलेली मी पाहिली आहेत. वाहक मुलगी इतरांसारखेच आयुष्य जगते, नवराही वाहक किंवा रुग्ण असेल तरच अपत्याचा प्रश्न येतो, हे प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

हायपर-हायपोसाठी मी वहीत बाण काढते. हायपरला वर जाणारा, हायपोला खाली येणारा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बाण समजतो. रिपोर्टवरही मी पेन्सिलीने असाच बाण काढून देते. हे बरोबर आहे ना?

धागाकर्ती

फार चांगली युक्ती आहे, मी ती उचलते आहे. फक्त थायरॉइडच्या कागदावर एक काळजी घ्या. टीएसएच हे मेंदूतल्या ग्रंथीने थायरॉइडला दिलेले फर्मान आहे. थायरॉइड सुस्त पडली की मेंदू फर्मानावर फर्मान सोडतो, म्हणून टीएसएच वर जाते. म्हणजे आकडा वर आणि आजार मात्र हायपोथायरॉइडिझम. माझ्याकडे कितीतरी जणी ‘टीएसएच हाय आहे, म्हणजे मला हायपर आहे’ असे सांगत आल्या आहेत आणि गोळी मात्र थायरॉइड वाढवणारी चालू असते, म्हणून ‘डॉक्टरांनी उलटी गोळी दिली’ असा त्यांना संशय येतो. बाकीच्या जणी तर नुसते ‘मला थायरॉइड आहे’ एवढेच म्हणतात. ती ग्रंथी प्रत्येकालाच असते, तेव्हा त्यावरून काहीच कळत नाही. अशा कागदावर बाण आकड्याशेजारी काढू नका. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मानेचे लहान चित्र काढा आणि बाण त्याच्या शेजारी द्या, म्हणजे तो ग्रंथीबद्दल बोलेल.

तुमच्या वहीच्या एखाद्या पानाचा फोटो इथे टाकता आला तर पाहायला आवडेल, रुग्णाचे नाव मात्र झाकून.

प्रतिसाद ७ : आशा कार्यकर्ती, नंदुरबार जिल्हा

होय ताई, उद्या टाकते. पाड्यावर तीन जणींच्या थायरॉइडच्या कागदांवर मी आकड्याशेजारीच वरचा बाण काढून दिला आहे. सकाळी आधी त्यांच्याकडे जाऊन तो खोडते आणि मान काढून देते, मग फोटो.